नामदेवभाऊंची पत्र्याची शिट्टी

नामदेवभाऊ कुबडे यांच्याविषयी मी आजवर पुष्कळांशी बोललो आहे. बोलणं पिठाच्या चक्कीपासून सुरू होतं, शिट्टीपर्यंत येतं, ऐकणारा खुशीत हसतो आणि मी विषय बदलतो. शिट्टीच्या पुढचं मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला त्यातलं अर्धं ठाऊक आहे, कारण त्या अर्ध्यात तीही आहे. आता लिहायला बसलोच आहे तर सगळं लिहितो. पण सुरुवात चक्कीपासूनच करू द्या. माणूस मला तिथेच भेटला आणि तिथेच तो सगळ्यांत जास्त आनंदात होता.

केळझरच्या अलीकडे आमचं गाव. हायस्कुलात गणिताचा मास्तर म्हणून लागलो तेव्हा मी चक्कीसमोरची खोली भाड्यानं घेतली. समोर टिनाचं शेड, आत पट्ट्याची खडखड, आणि डोक्यावरच्या टोपीपासून भुवयांपर्यंत पांढरे झालेले नामदेवभाऊ. पन्नाशीकडे झुकलेले, अंगानं किरकोळ, लग्न न केलेले. चक्कीवाले सगळीकडे एकच करतात: तोंडाशी हात धरून पडतं पीठ चिमटीत घेतात, अंगठा फिरवतात आणि दळायच्या दगडाचा पाट सैल करायचा की आवळायचा ते ठरवतात. नामदेवभाऊ चिमटी लावत नसत. ते पीठ तळहातावर झेलायचे आणि गालाला लावून बघायचे. त्यामुळे त्यांच्या उजव्या गालावर कायम एक पांढरा पट्टा असायचा.

"का जी भाऊ, पावडर लावून कुठं चालले?" दळण घेऊन बसलेल्या बाया विचारायच्या.

"सासरवाडीले."

"लग्न नाई झालं, अन् सासरवाडी कुठची?"

"म्हनूनच त पावडर लावून राह्यलो, काकू. तशी कोन देते पोरगी?"

रोज हाच संवाद आणि रोज हेच हसू. मला वाटायचं, गालाला पीठ लावणं ही त्यांची लकब आहे. लकबीमागे कारण असतं हे मास्तर असून माझ्या डोक्यात आलं नाही.

त्या काळात लोडशेडिंग होतं. लाईन गेली की पट्टा सुस्कारा टाकून थांबायचा आणि शेडमध्ये अचानक एवढी शांतता व्हायची की डब्यांवर बसलेल्या बाया हळू बोलू लागायच्या. मग नामदेवभाऊ खिळ्याला अडकवलेल्या पिशवीतून शिट्टी काढत. गाव तिला शिट्टी म्हणायचं. खरं म्हणजे ती वीतभराहून थोडी लांब अशी पत्र्याची नळी होती. वर सहा भोकं, तोंडाशी हिरव्या प्लास्टिकची चोच. बासरीसारखे ओठ तिरपे धरावे लागत नाहीत, चोच तोंडात धरून फुंकलं की सूर येतो. हळू फुंकलं तर खालचा, जोरात फुंकलं तर वरचा. पीठ उडून चोचीत बसायचं म्हणून ते आधी खराट्याच्या काडीला चिंधी गुंडाळून नळी साफ करत, मग दोन फुंका हवेत टाकत, मग डोळे मिटत.

भजनाच्या चाली, शाळेची प्रार्थना, लग्नातल्या बँडवर ऐकलेलं काहीही. आवाज किनरा, थोडा कोंबड्यासारखा, पण टिनाच्या त्या शेडात तो छताला लागून परत यायचा आणि दोघंजण वाजवताहेत असं वाटायचं. मजा ही, की लाईन आली की ते सुराच्या मध्येच शिट्टी तोंडातून काढून खटका दाबायला धावत. इतकी वर्षं त्यांच्यासमोर राहिलो, पण एकही चाल मी शेवटपर्यंत ऐकल्याचं आठवत नाही.

"भाऊ, आज तरी पुरं करा," एकदा मी म्हणालो.

"पुरं कराले लागलो त लोकाईच्या घरी पोया कोन करन, सर?"

शिट्टी आली कुठून, हे विचारायचीही गंमत होती. दर वेळी उत्तर वेगळं. मला त्यांनी सांगितलं की केळझरच्या जत्रेत घेतली. आमच्या हेडमास्तरांना सांगितलं की रेल्वेत सीटखाली सापडली. पोरांना सांगितलं की एका भुतानं हरून दिली. त्यांचा धाकटा भाऊ गजानन शेजारच्याच घरात राहायचा, शेती बघायचा. त्याला कुणी विचारलं की तो म्हणायचा, "दादाले इचारा. थो रोज नवीन सांगते." आणि हसायचा. त्या हसण्यात दोघा भावांचं काहीतरी आपसातलं होतं. मधूनच ते भांडत. शेड कुणाच्या नावावर, पाणी कुणी भरायचं, असली भांडणं. एका भांडणात गजानन सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडला होता, "जास्त बोलशीन त सांगून देईन गावाले." नामदेवभाऊ एकदम गप्प झाले होते. काय सांगणार होता, ते कुणाला कळलं नाही. पण ते वाक्य मात्र सगळ्यांनी ऐकलं होतं.

संध्याकाळी पोट्टे जमायचे. ज्याला शिकायचं त्याला नामदेवभाऊ शिट्टी देत, पण देण्याची त्यांची एक रीत होती. आधी चोच काढून चहाच्या गंजात, म्हणजे छोट्या पातेल्यात, उकळायची, मग धुतलेल्या पंच्यावर ठेवून ती पुढे करायची, आणि पोराचं वाजवून झालं की पुन्हा उकळायची. "उष्टं असते बाप्पा," एवढंच म्हणत. आम्ही म्हणायचो, काय स्वच्छता आहे या माणसाची.

माझी प्राची त्यातलीच एक. दुसरी-तिसरीत असेल. आठवड्याभरात ती प्रार्थना वाजवायला लागली, पण एका जागी दर वेळी सूर गाळायची. सगळी पोरं तिथेच गाळायची. नामदेवभाऊंचं उजव्या हाताचं शेवटचं बोट वाकलेलं होतं, तळचं भोक त्यांना बुजवता येत नसे. म्हणून सगळ्यांत खालचा सूर आला की ते तिथे नुसता श्वास घेत. पोरांची बोटं सरळ होती, पण पोरं चाल शिकली ती त्या श्वासासकट. पुढे वर्ध्याला प्राची गाण्याच्या बाईंकडे जायला लागली तेव्हा बाईंनी विचारलं, "इथं तू थांबतेस का?" ती म्हणाली, "इथं थांबायचंच असतं."

आणि तान्हा पोळा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे पोरांचा पोळा असतो. लाकडी बैल, खाली चाकं, शिंगांना बेगड, दोरीनं ओढत पोरं चौकात नेतात. आमच्या गावात मारुतीच्या पारापासून चौकापर्यंत सगळ्यांच्या पुढे नामदेवभाऊ असत. धुतलेली टोपी, गालावर पीठ नाही, तोंडात शिट्टी. मागे खडखडत येणारे पन्नासेक लाकडी बैल. ते मागे वळून न बघता चालत. एखाद्याच्या बैलाचं चाक निखळलं की मागचा गोंधळ ऐकून जागच्या जागी पाय आपटत तीच ओळ पुन्हा पुन्हा वाजवत. चाक बसलं की पुढे. वर्षभरात ही एकच चाल ते शेवटपर्यंत वाजवत असणार, पण ती संपायच्या आत पोरांची एवढी कालवाकालव व्हायची की शेवट कुणालाच ऐकू यायचा नाही.

आता पुढचं.

एका पावसाळ्यात त्यांच्या पायाला जखम झाली आणि ती भरेना. मी म्हणालो, चला, वर्ध्याला मोठ्या दवाखान्यात दाखवू. ते टाळत राहिले. शेवटी एका रविवारी मी त्यांना जवळजवळ ओढूनच स्कूटरवर बसवलं. तिथे मात्र ते मला काही न विचारता, रस्ता पाठ असल्यासारखे, मागच्या इमारतीकडे चालत गेले. तिथल्या म्हाताऱ्या सिस्टरनं त्यांना नावानं हाक मारली. दारावर कुष्ठरोग विभाग असं लिहिलं होतं, ते मी वाचलं.

परत येताना पवनारला पुलाच्या अलीकडे त्यांनी स्कूटर थांबवायला लावली. धाम नदी भरून वाहत होती. ते रस्त्याकडेच्या दगडावर बसले आणि पायाच्या पट्टीकडे बघत म्हणाले, "पाह्यलं नं तुमी, सर?"

"हो."

"आता काई नाई. औषध पुरं झालं, डाक्टरनं लिहून देल्लं. बोटाईले तेवढं समजत नाई, गरम-थंड. ते गेलं ते गेलं."

मग त्यांनी शिट्टीची खरी गोष्ट सांगितली. तरुणपणी त्या वॉर्डात बरेच महिने होते. घरचं कुणी येत नसे, फक्त गजू. तेव्हा तो शाळकरी होता. घरी खोटं सांगून सायकलनं भाकर घेऊन यायचा. वॉर्डात सेवेला एक परदेशी गोरा पोरगा आला होता, तो बोटांचा व्यायाम घ्यायचा. रबरी चेंडू दाबायला द्यायचा. नामदेवभाऊ कंटाळून चेंडू फेकून द्यायचे. एके दिवशी त्यानं स्वतःच्या खिशातली शिट्टी त्यांच्या हातात दिली. "म्हने हे वाजव. मी म्हनलं, माह्यं उष्टं होईन. त्याले का समजलं का मालूम. त्यानं माह्या हातून घेतली, थोडी वाजवली अन् परत देल्ली." नामदेवभाऊ नदीकडे बघत होते. "पुसली नाई हो त्यानं."

उठताना ते म्हणाले, "घरी बोलू नका, सर. पिठाचा धंदा हाये. अन् पोट्टे येतेत."

मी म्हटलं, "हे काय सांगणं झालं, भाऊ?"

त्याच्या पुढच्याच उन्हाळ्यात प्राचीच्या दंडावर फिका डाग दिसला. रुपयाएवढा. बायकोनं, मंदानं, आंघोळ घालताना तो बघितला आणि म्हणाली, जंत झाले असतील, औषध आणा. तिच्या मनात दुसरं काहीही नव्हतं. मी मात्र तो डाग बघितला आणि मला शिट्टी आठवली. मी विज्ञान शिकलेला माणूस, उपचार पुरे झाल्यावर तो रोग कुणापासून होत नाही हे मला माहीत होतं. तरी मी त्या डागावर टाचणीचं टोक टेकवून प्राचीला विचारलं, "टोचतंय का?" मंदानं ते बघितलं. विचारलं, "हे काहाले करून राह्यले?"

आणि मी म्हणालो, "काळजीचं काही नाही. नामदेवभाऊंचा तो रोग कधीच बरा झालाय."

याच वाक्याबद्दल मला लिहायचं होतं. वर्षानुवर्षं मी स्वतःला सांगत आलो की मंदाला धीर देण्यासाठी मी ते बोललो. मंदाला धीराची गरज नव्हती. भीती माझी होती, आणि ती एकट्यानं पेलवेना म्हणून मी ती तिच्याकडे दिली. तिनं ती तिच्या चुलतबहिणीकडे दिली, कुरडया घालताना, शपथ घालून. डागावर वर्ध्याच्या डॉक्टरांनी मलम दिलं, महिनाभरात डाग गेला. तोवर चक्कीवरचे डबेही गेले होते.

बाया म्हणू लागल्या, सेलूला नवीन चक्की निघाली, तिथं बारीक निघते. संध्याकाळी पोरं येईनाशी झाली. ज्यांच्यासाठी नामदेवभाऊंची उकळलेली चोच हा कौतुकाचा विषय होता, त्याच बाया आता डोळे मोठे करून ते एकमेकींना सांगू लागल्या, "पाह्य, त्याले माईत होतं. म्हनूनच उकळत होता." लाईन गेली की शिट्टी ऐकू यायची. लाईन आली तरी ऐकू यायची, कारण दळायला काही नसायचं.

त्या वर्षीच्या तान्ह्या पोळ्याला ते धुतलेली टोपी घालून पारावर आले. मंडळाच्या पोरांनी डीजे आणला होता आणि पोरांना मागच्या गल्लीतून चौकात नेलं. नामदेवभाऊ थोडा वेळ उभे राहिले. मग एकटेच निघाले. पारापासून चौकापर्यंत, मागे कुणी नाही, त्याच चालीनं. मी हे पाहिलं नाही. प्राचीला ताप आहे असं सांगून आम्ही तिला घरात ठेवलं होतं आणि खिडकी लावून घेतली होती. ती शिंगांना बेगड लावलेला बैल मांडीवर घेऊन बसली होती.

"बाबा, काका एकटेच वाजवून राह्यले," ती म्हणाली.

"डीजेचा आवाज आहे तो."

"नाई. ते थांबले आत्ता. मंग पुन्हा वाजवलं."

मी तिला झोप म्हणालो.

पोळ्यानंतर दोन माणसं माझ्याकडे आली. आधी गजानन. अंगणात उभाच राहिला, बसला नाही. म्हणाला, "सर, दादा माह्याशी बोलत नाई. त्याले वाटते मी सांगतलं. भांडनात मी बोललो होतो, ते चुकलंच. पन आईची आन, मी कोनाले नाई बोललो. मी कसा बोलन, सर? त्याले भाकर नेऊन देणारा मी. तुमचं ऐकते थो. तुमी सांगा त्याले."

मी म्हणालो, "सांगतो."

मग त्याच आठवड्यात नामदेवभाऊ. शेडला कुलूप लावून, पिशवी घेऊन, समुद्रपूरकडे बहिणीच्या गावी निघाले होते. निरोप घ्यायला आले. मी चहा विचारला, नको म्हणाले. पूर्वी आमच्याकडे चहा घेताना ते नेहमी कप रुमालात धरत. आता कपाचीच वेळ येऊ द्यायची नाही असं त्यांनी ठरवलेलं दिसलं.

"गावात आता दोघाईलेच माईत होतं, सर," ते म्हणाले. "तुमाले अन् गजूले. तुमी त बोलनार नाई. म्हंजे गजूच."

ते माझ्याकडे बघत होते. त्यात संशय नव्हता. तो असता तर बरं झालं असतं.

मी म्हणालो, "असेल."

हा एक शब्द मी बोललो. ते मान हलवून उठले आणि एस.टी.कडे चालू लागले.

त्यानंतर भावाभावांचं बोलणं झालं नाही. गजाननच्या मुलीच्या लग्नाला ते आले नाहीत. गजानन एकदा समुद्रपूरला जाऊन दारातून परत आला, हे मला त्याच्या मुलानं, सचिननं, सांगितलं. वाटेत दिसला की गजानन मला नमस्कार करायचा. सांगितलं का, असं त्यानं पुन्हा कधी विचारलं नाही. मी सांगितलं आणि दादानं ऐकलं नाही, असंच तो धरून चालला असणार. मला हेच सगळ्यांत जास्त लागतं.

यंदा थंडीत गजानन गेला. शेतातच छातीत कळ आली. दहाव्याला आम्ही पवनारला धामेवर गेलो. सगळे भाऊबंद न्हाव्यासमोर ओळीनं बसले होते, सचिन ओल्या धोतरात पिंडाशी. आणि मला पलीकडे बाभळीखाली नामदेवभाऊ दिसले. फार वाळले होते, हातात काठी. कुणाच्या जवळ न येता, परक्या माणसासारखे उभे होते. त्यांना बोलवायला कुणी गेलं नाही, कारण काय बोलायचं ते कुणाला कळत नव्हतं.

मी गेलो.

"सर," ते म्हणाले. "बरे हा?"

मी म्हणालो, "भाऊ, गजाननानं नाही सांगितलं. मी सांगितलं होतं. मंदाला, आणि तिच्याकडून गावाला. तुम्ही निघालात त्या दिवशीही मला ते माहीत होतं."

त्यांची काठी वाळूत थोडी खोल गेली.

"गजूले माईत होतं?" त्यांनी विचारलं. "मी त्याच्यावर धरून बसलो, हे?"

"हो. तो माझ्याकडे आला होता. तुम्हाला सांगा म्हणाला, की त्यानं कुणाला सांगितलं नाही."

"कवा?"

"तुम्ही जायच्या आधी."

"अन् तुमी?"

"नाही सांगितलं."

मला वाटलं ते काठी उगारतील. ती मला चालली असती. ते नुसते म्हणाले, "जा तुमी आता, सर," आणि माझ्या बाजूनं निघून वाळूतून हळूहळू खाली गेले. पाय अजून नीट पडत नव्हता. न्हाव्यासमोरचा माणूस उठत होता. त्याच्या जागी ते बसले आणि टोपी काढून बाजूला ठेवली.

न्हावी वस्तरा धरून थांबला. "काका, तुमी मोठे नं? लायन्या भावाच्या दहाव्याले मोठा डोकं नाई करत."

ओळीतले सगळे बघू लागले. एक म्हातारा म्हणाला, "नामदेव, रीत नाई हाये ते. ऊठ." सचिन पिंडापासून उठून आला. "मोठे बाबा, राहू द्या. बाबाले आवडलं नसतं."

"काढ," नामदेवभाऊ न्हाव्याला म्हणाले.

"काका, पन..."

"काढ म्हनतो नं." आणि त्यांनी मान खाली घातली.

न्हाव्यानं सचिनकडे बघितलं. मी पुलाच्या चढावर पोचून मागे वळलो तेव्हा अर्धं डोकं झालं होतं, आणि उरलेले केस भिजवायला सचिन नदीतून ओंजळ भरून आणत होता.